मातीवरची तीन अक्षरे

अमेरिकेच्या ईशान्य भागात कनेक्टिकट नावाचे एक लहानसे राज्य आहे. त्या राज्यातील हार्टफर्ड या गावी १८१४ साली एके दिवशी एका घराच्या अंगणात काही मुले खेळत होती. त्यांच्या धावपळीने आणि हसण्या-खिदळण्याने अंगण दुमदुमून गेले होते. परंतु त्या मुलांपासून थोड्या अंतरावर एक लहान मुलगी एकटीच उभी होती. तिला कोणी हाक मारीत नव्हते, आणि मारली असती तरी ती तिला ऐकू गेली नसती. तिचे नाव अ‍ॅलिस कॉग्जवेल. दोन वर्षांची असताना आलेल्या एका दुर्धर तापाने तिचे कान कायमचे मिटले होते. मूल बोलायला शिकते ते ऐकून. ऐकणेच थांबल्यामुळे अ‍ॅलिसला येत असलेले चार शब्दही हळूहळू विरून गेले होते.

शेजारच्या घरातील एक तरुण हा खेळ पाहत होता. शरीराने किरकोळ, प्रकृतीने नाजूक, पण डोळ्यांत बुद्धीची चमक असलेला हा तरुण धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता आणि काही दिवसांसाठी आपल्या घरी आला होता. त्याची नजर त्या एकट्या मुलीवर खिळली. तो तिच्याजवळ गेला, आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्याने ती तिच्या हाती दिली आणि मग हाती काठी घेऊन जमिनीवरच्या मातीत तीन अक्षरे लिहिली. एच्, ए, टी. हॅट, म्हणजे टोपी. त्याने टोपीकडे बोट दाखविले, मग अक्षरांकडे. पुन्हा टोपीकडे, पुन्हा अक्षरांकडे. असे पुनःपुन्हा केल्यावर त्या मुलीच्या चेहऱ्यावर एकाएकी उजेड पडला. जमिनीवरच्या त्या रेघांचा आणि हातातील वस्तूचा काही संबंध आहे, हे तिने ओळखले. प्रत्येक वस्तूला नाव असते, ही जगातील सर्व मुलांना नकळत कळणारी गोष्ट अ‍ॅलिसला त्या दिवशी मातीतून कळली.

अशी ही कथा हार्टफर्डमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या तरुणाचे नाव थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट. अमेरिकेत कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला, तेच हे गॅलॉडेट. परंतु त्या दिवशी त्यांना स्वतःलाही याची कल्पना नव्हती. आपल्या आयुष्याचे काम कोणते, हे त्यांना वयाची सव्वीस वर्षे उलटली तरी सापडलेले नव्हते.

थॉमस यांचा जन्म १० डिसेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फिया या शहरी झाला. अनेक भावंडांत ते सर्वांत वडील. पुढे १८०० साली त्यांचे कुटुंब हार्टफर्ड येथे येऊन स्थायिक झाले. थॉमस अभ्यासात विलक्षण हुशार होते. ज्या वयात इतर मुले शाळेतच असतात, त्या वयात त्यांनी येलच्या प्रसिद्ध महाविद्यालयात प्रवेश मिळविला आणि १८०५ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, मोठ्या सन्मानाने पदवी संपादन केली. एवढी बुद्धी असलेल्या मुलाचे पुढे काय अडणार, असे कोणालाही वाटावे. पण अडले ते येथेच.

प्रथम त्यांनी वकिलीचा अभ्यास आरंभिला. प्रकृती साथ देईना, म्हणून तो सोडावा लागला. त्यानंतर ते पुन्हा येलला गेले, तेथे आणखी एक पदवी मिळविली आणि काही काळ शिकविण्याचे कामही केले. नंतर ते व्यापारात शिरले आणि माल विकण्यासाठी दूरदूरच्या प्रदेशांत हिंडले. तेथेही मन रमले नाही. अखेर धर्मोपदेशक व्हावे असे ठरवून ते अँडोव्हर येथील धर्मशाळेत दाखल झाले आणि १८१४ साली तेथील शिक्षण त्यांनी पुरे केले. आता एखाद्या गावच्या चर्चमध्ये उपदेशकाची जागा घ्यायची आणि स्वस्थ आयुष्य घालवायचे, एवढेच उरले होते. पण खोकला आणि अशक्तपणा पाठ सोडीत नव्हता. हाती विद्या होती, मनात सेवेची इच्छा होती, तरी पाऊल कोठे टाकावे हे कळत नव्हते.

अशा वेळी त्यांना आपले काम भेटले, आणि ते भेटले शेजारच्या अंगणात.

अ‍ॅलिसचे वडील डॉक्टर मेसन कॉग्जवेल हे नामांकित शल्यवैद्य होते. हजारो रोग्यांवर उपचार करणाऱ्या या वैद्याला आपल्या मुलीच्या बहिरेपणावर मात्र काही इलाज सापडत नव्हता. कान बरे होणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. पण म्हणून मुलीची बुद्धीही अंधारात राहावी, हे त्यांना मान्य नव्हते. त्या काळी अमेरिकेत कर्णबधिर मुलांसाठी एकही कायमची शाळा नव्हती. श्रीमंत लोक आपल्या मुलांना समुद्रापलीकडे युरोपात पाठवीत. पण एवढ्या लहान मुलीला हजारो मैल दूर धाडण्यास आईबापांचे मन धजेना. शिवाय डॉक्टरांना आणखी एक प्रश्न पडला होता. आपल्या अ‍ॅलिससारखी आणखी किती मुले असतील? १८१२ साली राज्यातील धर्मोपदेशकांच्या साहाय्याने त्यांनी गणती करविली. एकट्या कनेक्टिकट राज्यात अशा ८४ व्यक्ती आढळल्या. लहानशा राज्यात इतक्या, तर साऱ्या देशात किती असतील! एका घराचे दुःख हे कितीतरी घरांचे दुःख आहे, हे त्या आकड्याने दाखवून दिले.

गॅलॉडेट अ‍ॅलिसला शिकवू लागले. तिची समज पाहून तिच्या वडिलांची आशा पालवली. परंतु एक-एक वस्तू दाखवून तिचे नाव लिहिण्याने कोठवर जाता येणार? टोपी दाखविता येते, टेबल दाखविता येते. पण काल, उद्या, आठवण, वचन, न्याय या गोष्टी कशा दाखवायच्या? गॅलॉडेट यांना इच्छा होती, पण विद्या नव्हती. ती विद्या युरोपात होती.

एप्रिल १८१५ मध्ये डॉक्टर कॉग्जवेल यांनी गावातील प्रमुख गृहस्थांना आपल्या घरी बोलाविले. कोणा योग्य माणसाला युरोपात पाठवून तेथील शिक्षणपद्धती शिकून आणावी आणि आपल्या देशात शाळा काढावी, असा विचार ठरला. प्रवासखर्चासाठी लागणारा पैसा एका दिवसात जमला. जाणार कोण, या प्रश्नाचे उत्तर सर्वांच्या मनात एकच होते. गॅलॉडेट यांनी मात्र लगेच होकार दिला नाही. धर्मोपदेशक होण्यासाठी त्यांनी इतकी वर्षे तयारी केली होती. प्रकृतीचा भरवसा नव्हता. काम अगदी अनोळखी होते. त्यांनी काही दिवस विचार केला आणि मग ते जाण्यास तयार झाले. २५ मे १८१५ रोजी त्यांचे जहाज निघाले.

युरोपात त्या काळी कर्णबधिरांना शिकविण्याचे दोन निरनिराळे मार्ग होते. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ब्रेडवुड नावाच्या एका घराण्याच्या हाती ही विद्या होती. थॉमस ब्रेडवुड यांनी १७६० साली एडिंबरो येथे शाळा काढली होती. त्यांच्या पद्धतीत मुलांना तोंडाने बोलावयास शिकविण्यावर भर होता. दुसरा मार्ग फ्रान्समधला. तेथे द लेपे नावाच्या एका धर्मगुरूंनी पॅरिसमधील दोन कर्णबधिर बहिणींपासून कार्याला आरंभ करून गरीब-श्रीमंत सर्वांसाठी विनामूल्य शाळा उभी केली होती. कर्णबधिर माणसे आपसांत हातांच्या खुणांनी बोलतात, हे पाहून त्यांनी त्या खुणांचाच शिक्षणात उपयोग केला. गॅलॉडेट यांचा विचार असा होता, की दोन्ही ठिकाणच्या पद्धती पाहाव्यात आणि दोहोंतील चांगले तेवढे घ्यावे.

प्रथम ते इंग्लंडला पोहोचले. लंडनमधील शाळेच्या चालकांना ते भेटले. पण तेथे त्यांना एक चमत्कारिक अट ऐकावयास मिळाली. ही विद्या म्हणजे त्या मंडळींचे गुपित होते आणि त्या गुपितावर त्यांचा चरितार्थ चालत असे. गॅलॉडेट यांना ती हवी असेल तर त्यांनी शाळेत साहाय्यक म्हणून काही वर्षे राबावे, मग हळूहळू ती कळेल, असे त्यांना सांगण्यात आले. तिकडे हार्टफर्डला अ‍ॅलिस मोठी होत होती. शिकण्याचे वय कोणासाठी थांबत नाही. गॅलॉडेट यांनी ती अट नाकारली आणि ते एडिंबरोला गेले. तेथील शाळेचे शिक्षक वृत्तीने सज्जन होते. परंतु आपण ही पद्धती दुसऱ्या कोणालाही शिकविणार नाही, असा करार ब्रेडवुड घराण्याने त्यांच्याकडून आधीच लिहून घेतला होता. करारापुढे त्यांचाही निरुपाय झाला.

गॅलॉडेट यांनी ब्रिटनमध्ये आठ-नऊ महिने घालविले. पाहुणचार झाला, ओळखी झाल्या. पण ज्यासाठी सातासमुद्रापलीकडून आले होते, ती विद्या काही मिळाली नाही. गावकऱ्यांनी विश्वासाने दिलेला पैसा मात्र खर्च होत होता. ज्ञानाच्या दाराशी उभे राहावे आणि त्या दाराला कुलूप असावे, अशी त्यांची अवस्था झाली.

परंतु लंडनमध्ये असताना आणखी एक गोष्ट घडली होती. पॅरिसच्या शाळेचे प्रमुख सिकार हे द लेपे यांच्यानंतर त्या गादीवर आलेले विद्वान धर्मगुरू होते. १८१५ च्या उन्हाळ्यात ते लंडनला आले होते. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन शिष्य होते. एकाचे नाव मास्य आणि दुसऱ्याचे लोराँ क्लेर. दोघेही कर्णबधिर होते आणि दोघेही त्याच शाळेत शिकून तेथेच शिक्षक झाले होते. सिकार आपल्या व्याख्यानात त्यांना लोकांसमोर उभे करीत. प्रेक्षकांनी अवघड प्रश्न विचारावेत, ते प्रश्न हातांच्या खुणांनी शिष्यांना सांगितले जावेत आणि शिष्यांनी फळ्यावर सुंदर, विचारपूर्ण उत्तरे लिहावीत, असा तो प्रसंग असे. बहिऱ्या माणसाला बुद्धी नसते, असे मानणारे लोक ती उत्तरे वाचून थक्क होत. गॅलॉडेट यांनीही ते पाहिले होते. सिकार यांनी त्यांना पॅरिसला येण्याचे आमंत्रण दिले होते. आता त्या आमंत्रणाची त्यांना आठवण झाली आणि १८१६ च्या मार्च महिन्यात ते पॅरिसला येऊन दाखल झाले.

पॅरिसच्या शाळेला कुलूप नव्हते. जो शिकावयास येईल त्याने शिकावे, असा तेथील रिवाज होता. गॅलॉडेट यांनीही कोणताच बडेजाव मिरविला नाही. येलचे हे पदवीधर, धर्मशास्त्राचे हे पंडित, सर्वांत खालच्या वर्गात लहान मुलांबरोबर जाऊन बसले. तेथून एक-एक वर्ग वर चढत त्यांनी सर्व अध्यापन पाहिले. मास्य आणि क्लेर हे त्यांना वेगळा वेळ देऊन खुणांची भाषा शिकवीत. ज्यांना शिकविण्यासाठी गॅलॉडेट घरून निघाले होते, त्यांच्यापैकीच दोघे आता त्यांचे गुरू झाले होते.

लोराँ क्लेर यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. ते फ्रान्समधील एका खेड्यात १७८५ साली जन्मले. एक वर्षाचे असताना ते आगीत पडले, आणि त्या अपघातातच त्यांचे ऐकणे गेले असे घरची मंडळी मानीत. त्यांच्या उजव्या गालावर भाजल्याचा व्रण कायमचा राहिला. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी शाळा पाहिली नव्हती. पुढे पॅरिसच्या शाळेत ते आले, आणि मग ते विद्यार्थी म्हणून जितके चमकले तितकेच शिक्षक म्हणूनही. खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खुणेचे नाव असते. क्लेर यांचे नाव दोन बोटे गालावरून खाली ओढून घेत. लोकांना ज्याची लाज वाटावी असा तो व्रण. पण क्लेर यांच्या मित्रमंडळात तेच त्यांचे नाव झाले.

दोन महिन्यांच्या अभ्यासानंतर गॅलॉडेट यांना एक गोष्ट कळून चुकली. हे शास्त्र चार पुस्तके वाचून किंवा चार महिने राहून येणारे नव्हते. खुणांची भाषा ही इतर कोणत्याही भाषेसारखीच खोल आणि विस्तीर्ण होती. तिच्यात पारंगत होण्यास वर्षे लागली असती, आणि जवळचे पैसे तर संपत आले होते. अशा वेळी दुसरा एखादा मनुष्य थोडेबहुत शिकून परतला असता आणि सारे कळल्याचा आव आणता. गॅलॉडेट यांनी तसे केले नाही. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते, त्यालाच बरोबर न्यावे, असे त्यांनी ठरविले. त्यांनी क्लेर यांना अमेरिकेस येण्याची विनंती केली.

क्लेर यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. वृद्ध होत चाललेले गुरू, आई, मित्र, आपली शाळा आणि आपला देश, हे सर्व सोडून ज्या देशाची भाषा येत नाही, तेथे जावयाचे होते. सिकार यांनाही असा शिष्य गमावणे जड जात होते. आईचेही मन होईना. परंतु ज्या देशात कर्णबधिरांसाठी एकही शाळा नाही, तेथे आपली गरज अधिक आहे, हे क्लेर यांना पटले. आईचा निरोप घेऊन ते निघाले. करार तीन वर्षांचा होता.

१८ जून १८१६ रोजी ल हाव्र बंदरातून त्यांचे जहाज सुटले. वाऱ्याने साथ न दिल्यामुळे प्रवास लांबला. अमेरिकेचा किनारा दिसण्यास ५२ दिवस लागले. पण ते दिवस वाया गेले नाहीत. जहाजाच्या त्या हलत्या फळ्यांवर रोज एक अपूर्व पाठशाळा भरत असे. क्लेर हे गॅलॉडेट यांना खुणांची भाषा शिकवीत आणि गॅलॉडेट हे क्लेर यांना इंग्रजी शिकवीत. क्लेर यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहावी आणि गॅलॉडेट यांनी ती तपासून द्यावी, असा क्रम चालला. त्या शाळेत दोनच माणसे होती; दोघेही गुरू आणि दोघेही शिष्य. ९ ऑगस्टला जहाज न्यूयॉर्कला लागले, तेव्हा क्लेर आपले म्हणणे इंग्रजीत लिहून सांगू शकत होते.

थोड्याच दिवसांत दोघे हार्टफर्डला पोहोचले. अ‍ॅलिस तेव्हा गावातील शाळेत गेलेली होती. तिला बोलावून आणले. आतापर्यंत तिने तिच्यासारखा मोठा, शिकलेला माणूस पाहिला नव्हता. क्लेर यांनी हात हलविले, अ‍ॅलिसनेही आपल्या खुणांनी उत्तर दिले, आणि दोन देशांतील दोन माणसांचे बोलणे तेथल्या तेथे सुरू झाले. बहिरा मनुष्य मोठा होऊन विद्वान होऊ शकतो, शिक्षक होऊ शकतो, याचा जिवंत पुरावा त्या मुलीसमोर उभा होता.

आता शाळेसाठी पैसा उभारावयाचा होता. गॅलॉडेट, क्लेर आणि डॉक्टर कॉग्जवेल गावोगाव हिंडले. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत सभा झाल्या. लोक आपले प्रश्न लिहून देत आणि क्लेर फळ्यावर उत्तरे लिहीत. कोणाच्याही भाषणाने जे झाले नसते, ते त्या उत्तरांनी केले. लोकांनी देणग्या दिल्या. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने ५,००० डॉलर मंजूर केले. अखेर १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे एका भाड्याच्या इमारतीत शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवशी विद्यार्थी होते सात. त्यांत अ‍ॅलिस होतीच. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. त्याच पहिल्या वर्गात जॉन ब्रूस्टर नावाचे ५१ वर्षांचे एक गृहस्थही होते. ते जन्मापासून कर्णबधिर होते आणि लोकांची व्यक्तिचित्रे रंगवून त्यांनी नाव मिळविले होते. एवढे वय झाले तरी आपले काम बाजूला ठेवून ते मुलांबरोबर बाकावर येऊन बसले. इतकी वर्षे शाळा नव्हती म्हणून ते शाळेत गेले नव्हते. ती निघताच ते आले.

शाळा वाढू लागली. मुले दूरदूरच्या राज्यांतून येऊ लागली. प्रत्येक मूल आपल्या घरच्या खुणा घेऊन येई. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज् व्हिनयार्ड नावाचे एक बेट आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या इतके लोक बहिरे जन्मत, की ऐकू येणारे शेजारीही खुणांची भाषा सहज बोलत. त्या बेटावरची मुले आपली ती भाषा घेऊन हार्टफर्डला आली. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा, बेटावरच्या खुणा आणि मुलांच्या घरच्या खुणा यांचा वसतिगृहात आणि वर्गात संगम झाला आणि त्यातून अमेरिकेतील कर्णबधिरांची स्वतःची सांकेतिक भाषा आकारास आली. ती भाषा कोणा एका पंडिताने रचली नाही. ती एकत्र राहणाऱ्या मुलांच्या हातांतून जन्मली.

१८१९ साली देशाच्या संसदेने शाळेला २३,००० एकर जमीन दिली. ती विकून आलेल्या पैशावर शाळा स्थिर झाली. ज्यांना समाज ओझे समजत असे, ती मुले आता वाचू-लिहू लागली आणि हाताचे कसबही शिकू लागली. इतर राज्यांतही अशा शाळा निघू लागल्या. त्या शाळांचे शिक्षक तयार होण्यासाठी हार्टफर्डला येत. केंटकी राज्यातून असाच एक तरुण शिक्षक आला, तेथे राहून शिकला आणि परत जाऊन त्याने अनेक वर्षे आपली शाळा चालविली. ब्रेडवुड घराण्याने ज्या विद्येला कुलूप घातले होते, त्या विद्येचे दार गॅलॉडेट यांनी सर्वांसाठी उघडे ठेवले. दारातून परत फिरण्याचे दुःख काय असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

या शाळेतील सोफिया फाउलर नावाच्या एका माजी विद्यार्थिनीशी १८२१ साली त्यांचा विवाह झाला. सोफिया जन्मतःच कर्णबधिर होत्या. त्यांना आठ अपत्ये झाली. त्या घरात हातांची भाषा ही शाळेपुरती राहिली नाही, ती आईच्या मायेची भाषा झाली. क्लेर यांचा तीन वर्षांचा करार कधीच संपला. पण ते फ्रान्सला कायमचे परतले नाहीत. त्यांनी १८५८ पर्यंत हार्टफर्डच्या शाळेत अध्यापन केले आणि १८६९ साली त्याच देशात देह ठेवला.

१८३० साली, तेरा वर्षांच्या अविश्रांत श्रमानंतर, गॅलॉडेट यांनी प्रकृतीच्या कारणाने शाळेचे प्रमुखपद सोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉक्टर कॉग्जवेल निवर्तले. ज्या पित्याने आपल्या मुलीसाठी साऱ्या देशाला हलविले, त्याच्या वियोगाचा धक्का अ‍ॅलिसला सोसला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिनेही या जगाचा निरोप घेतला. गॅलॉडेट यांनी पुढे मुलांसाठी पुस्तके लिहिली, शिक्षकांना शिक्षण देणाऱ्या शाळा हव्यात असा आग्रह धरला आणि १८३८ पासून हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात धर्मगुरू म्हणून रोग्यांना धीर दिला. ज्यांचे बोलणे कोणी ऐकत नाही, त्यांच्याजवळ जाऊन बसणे हा त्यांचा स्वभावच झाला होता. १० सप्टेंबर १८५१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे कार्य मात्र तेथे थांबले नाही. त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा एडवर्ड १८५७ साली, अवघा वीस वर्षांचा असताना, वॉशिंग्टन येथील कर्णबधिर मुलांच्या नव्या शाळेचा प्रमुख झाला. आई सोफिया त्याच्या मदतीस तेथे गेल्या आणि मुलांची देखभाल करू लागल्या. १८६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. तेच महाविद्यालय पुढे गॅलॉडेट यांच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि आज ते विद्यापीठ आहे.

मधल्या काळात या कार्याने वाईट दिवसही पाहिले. १८८० साली इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. तेथे जमलेल्या शिक्षकांत बहुतेक सर्वच ऐकू येणारे होते. शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी आणि मुलांना केवळ तोंडाने बोलावयास शिकवावे, असा ठराव त्यांनी केला. अनेक देशांतील शाळांत कित्येक दशके मुलांना हातांनी बोलण्याची मनाई झाली. तरी ती भाषा मेली नाही. वसतिगृहांत, घरांत, मैदानांवर ती जिवंत राहिली. पुढे १९६० साली गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोको या प्राध्यापकांनी अभ्यासपूर्वक दाखवून दिले, की ही नुसत्या हातवाऱ्यांची करामत नसून स्वतःचे नियम असलेली खरीखुरी भाषा आहे. १९८८ साली तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाचा प्रमुख कर्णबधिरच असावा, असा आग्रह धरून आंदोलन केले आणि ते यशस्वी झाले.

वॉशिंग्टनच्या त्या विद्यापीठाच्या आवारात १८८९ साली उभारलेला एक पुतळा आहे. गॅलॉडेट आसनावर बसले आहेत आणि त्यांच्या अंगाशी बिलगून लहानगी अ‍ॅलिस उभी आहे. पुतळ्यात कोणाच्याही हाती ग्रंथ उंचावलेला नाही. गॅलॉडेट यांच्या हाताची मूठ इंग्रजीतील ए या पहिल्या अक्षराच्या आकारात वळलेली आहे आणि अ‍ॅलिसचा चिमुकला हातही तेच अक्षर करून दाखवीत आहे.

वकिली, व्यापार आणि धर्मोपदेश यांच्या वाटांवर जे काम गॅलॉडेट यांना सापडले नाही, ते एका मुलीकडे लक्षपूर्वक पाहिल्याने सापडले. त्या मुलीजवळ बुद्धी पूर्वीपासूनच होती. तिच्यापर्यंत पोहोचणारी भाषा तेवढी नव्हती. ती भाषा शिकण्यासाठी गॅलॉडेट यांनी समुद्र ओलांडला, लहान मुलांच्या बाकावर बसण्यात कमीपणा मानला नाही आणि एका कर्णबधिर मनुष्याला गुरू केले. मातीवर लिहिलेली ती तीन अक्षरे वाऱ्याने केव्हाच पुसून टाकली असतील. पण हार्टफर्डच्या त्या सात विद्यार्थ्यांची शाळा आजही चालू आहे.